सात जागा

सकाळी साडेआठला बाबा स्वयंपाकघराच्या फरशीवर बसलेले दिसले. पडले नव्हते, बसले होते; पाठ कपाटाला टेकलेली, पाय सरळ पसरलेले, हातात फोन. चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम. मला बघून ते घाईघाईनं म्हणाले, "काही नाही गं, जरा गरगरलं. माझंच चुकलं." शहात्तर वर्षांचा माणूस जमिनीवर बसून धापा टाकतोय आणि त्याचं पहिलं वाक्य काय, तर माझंच चुकलं. मला भीती वाटायला हवी होती. ती वाटलीही, पण तिच्या आधी राग आला. ह्या माणसाच्या ह्या वाक्याचा मला जन्मभर राग आलेला आहे. टॅक्सीवाल्यानं भलत्याच गल्लीत नेलं तरी ह्यांचंच चुकलं, दुकानदारानं उसवलेला शर्ट बांधून दिला तरी ह्यांनीच नीट पाहिला नाही, आई गेली तेव्हासुद्धा इस्पितळाच्या पायरीवर बसून हेच म्हणत होते. "काय चुकलं?" मी विचारलं. तेव्हा त्यांनी थांबत थांबत सांगितलं. काल रात्रीची रक्तदाबाची गोळी घ्यायची राहिली होती. सकाळी चहा ठेवताना ते लक्षात आलं. आता काय करावं कळेना, मला उठवायचं जिवावर आलं, म्हणून फोनवर शोधलं. "तुमचंच पान निघालं," ते म्हणाले, आणि त्या अवस्थेतही त्यांच्या आवाजात थोडं कौतुक होतं. "म्हटलं, आपल्या मुलीचं ऑफिस आहे, बरोबरच असणार. त्यात लिहिलं होतं, सकाळी दोन गोळ्या घ्या. घेतल्या दोन."

मी त्यांच्या हातातून फोन घेतला. पान उघडंच होतं. वर ठळक अक्षरांत मथळा: गोळी घ्यायची राहून गेली तर काय करावं? आणि त्याच्याखाली, तशाच वळणाच्या अक्षरांत, तशाच काळ्या रंगात: सकाळी दोन गोळ्या घ्या आणि दिवसभर निर्धास्त राहा. स्क्रीन तिथं संपत होता. बाबांनी फोनमधली अक्षरं सगळ्यात मोठी करून ठेवली आहेत, त्यामुळे एका वेळी दोनतीन ओळींपलीकडे काही मावत नाही. अंगठ्यानं पान वर सरकवलं तेव्हा एक गुडघा दिसला, लाल ठिपका लावलेला, मग गुडघेदुखीच्या गोळ्यांची डबी, आणि कोपऱ्यात, फिक्या राखाडी रंगात, मुंगीएवढ्या अक्षरांत, 'जाहिरात' हा शब्द. ह्या जागेला आमच्या ऑफिसात सातवी जागा म्हणतात. एका पानावर सात जाहिराती बसवायच्या तर सातवी कुठे बसेल, असा प्रश्न होता, आणि मथळा आणि मजकूर ह्यांच्या मधोमध, असं त्याचं उत्तर होतं. अक्षरं पानासारखीच ठेवा म्हणजे वाचणाऱ्याचा डोळा अडत नाही, हेही त्या उत्तरात होतं. ते उत्तर मी दिलं होतं.

आमच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, आडवं करा, पायाखाली उशा द्या, पाणी पाजा, दर अर्ध्या तासानं दाब मोजा, नव्वदच्या खाली गेला तर लगेच घेऊन या. यंत्र शहाण्णव दाखवत होतं. नंतर एकशे एक. मग एकशे चार. समोरच्या काकूंना हाक मारली, त्या दवाखान्यात नोकरी केलेल्या, त्यांनी येऊन मला बाजूला सारलं आणि बाबांच्या मनगटावर बोटं ठेवून खुर्चीत बसल्या. बाबा छताकडे बघत होते. "तुला उशीर होतोय," ते म्हणाले. "मी काय आता मरत नाही. पुन्हा नीट वाचीन." आणि ह्यावर मी काय बोलले, ते मला इथं सांगितलंच पाहिजे. मी म्हणाले, "हो बाबा, नीट बघत जा ना जरा." अगदी नेहमीच्या, थोड्या वैतागलेल्या, लेकीच्या आवाजात बोलले. काकू मान हलवून म्हणाल्या, "म्हातारी माणसं फोन घेऊन बसतात, काय करणार." मी चपला घातल्या, जिना उतरले, आणि बसथांब्यावर पोचेपर्यंत तळपायाची आग मस्तकात गेली होती. ती कुणावर काढायची हे मात्र कळत नव्हतं.

बसमध्ये समोरच्या बाकावर सहा माणसं होती आणि सहा अंगठे हलत होते. मी ह्या अंगठ्यांकडे बघून पोट भरते. अंगठा कुठे थांबतो, कुठे घसरतो, किती जोरात मागे येतो, हे सगळं मला माहीत आहे. त्या अंगठ्याच्या वरचं माणूस मात्र मी कामाच्या वेळी कधी डोळ्यांसमोर आणलेलं नाही. आज ते आलं आणि जाईना. कोपऱ्यातल्या बाईनं काहीतरी उघडलं, पान भरता भरता मजकूर खाली सरकला, तिचं बोट भलतीकडेच पडलं, ती मागे आली, पुन्हा तेच झालं, पुन्हा मागे आली. चेहऱ्यावर काही नाही. कपाळाला आठीसुद्धा नाही. अगं बाई, शिवी तरी दे, असं मला म्हणावंसं वाटलं. फोन आपट. मला तिचाच राग आला, तिच्या त्या शहाण्या, सोशिक बोटाचा. बाबा असेच. ते चौतीस वर्षं छापखान्यात पानं लावायचे. लहान असताना मी त्यांचा डबा घेऊन जायची तेव्हा ते उंच टेबलावर वाकून, लोखंडी पट्टीनं रकाने मोजत उभे असायचे. सगळ्यांना वाटतं तसं त्या काळी सगळं सोवळं होतं असं काही नाही. आधी कोऱ्या पानावर जाहिराती पडायच्या, मग उरलेल्या जागेत बातम्या. संपादक आरडाओरडा करायचा, बाबा पट्टी दाखवून म्हणायचे, "एवढीच उरली आहे, साहेब, माझंच चुकलं." पण ते लागलेलं पान सकाळी लोकांच्या हातात गेलं की गेलं. त्यातली जाहिरात वाचणाऱ्याच्या बोटाखाली सरकत येत नव्हती. ती चौकटीत होती आणि चौकट काळी, जाड असायची. माझ्या ह्या नोकरीचा बाबांना अभिमान आहे. ते लोकांना सांगतात, मुलगीही पानंच लावते.

ऑफिसात मला मोजपट्टी म्हणतात. नाव कौतुकानं पडलं आहे आणि मी ते कौतुकानं मिरवलं आहे. आमच्या साईटवर घरगुती अडचणींची पानं आहेत, नळ गळतोय, मूल रडतंय, औषध राहिलं, पाय मुरगळला. माणूस अडला की येतो. मोबाईलवरच्या अशा एका पानावर किती जाहिराती ठेवायच्या आणि कुठे, हा आकडा मी ठरवते. शेवटी एका चौकटीत तो आकडा टाकायचा असतो आणि ती चौकट फक्त माझ्या नावानं उघडते. आजवर आकडा चार होता. गेले दोन महिने चाचणी चालू होती. येणाऱ्यांपैकी निम्म्यांना चार जाहिराती दिसत होत्या, निम्म्यांना सात. कुणाच्या वाट्याला काय यायचं ते यंत्र ठरवतं, चिठ्ठ्या टाकल्यासारखं. बाबांच्या वाट्याला सात आल्या. आज दुपारी चार वाजता बैठक होती आणि त्यात मी सांगायचं होतं, चार जाहिराती की सात. मी सात सांगणार हे सगळ्यांना माहीत होतं. कालपर्यंत मलाही माहीत होतं.

आलेख काढणारी मुलगी माझ्या टेबलाशी आली. चांगली मुलगी आहे, हुशार, स्वच्छ नखांची, आणि तिला अजून कशाचीच चीड येत नाही. "सातवाले जास्त वेळ थांबतात," ती म्हणाली. "चारवाल्यांपेक्षा जवळजवळ दुप्पट. आणि परत परत येतात. म्हणजे त्यांना पान आवडतंय, हो ना?" हे वाक्य आम्ही सगळे दोन महिने एकमेकांना ऐकवत होतो. थांबतात म्हणजे आवडतंय. अगं, थांबतात कारण उत्तर सापडत नाही. परत येतात कारण जाहिरातीनं त्यांना उचलून भलतीकडे टाकलेलं असतं आणि तिथून ते पुन्हा शोधत येतात. अंधाऱ्या खोलीत माणूस किल्ली शोधत बराच वेळ थांबला, म्हणून त्याला खोली आवडली असं कुणी म्हणेल का? पण हे मी तिला बोलले नाही, कारण हे मला आज सुचलेलं नव्हतं. हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. उलट दोन महिन्यांपूर्वी, चाचणी कोणत्या पानांवर करायची असा प्रश्न निघाला तेव्हा, मीच म्हणाले होते, औषधांच्या आणि आजारांच्या पानांवर करू, घाबरलेला माणूस पान सोडून जात नाही. खोलीत टाळ्या पडल्या. साहेबांनी ते वाक्य पडद्यावर मोठ्या अक्षरांत लावलं होतं. त्या संध्याकाळी मी बाबांसाठी नवी चप्पल घेऊन गेले होते, इतकी खुशीत होते.

मुलगी गेल्यावर मी सकाळच्या नोंदी उघडल्या. नाव नसतं, नंबर नसतो, पण फोनचा प्रकार असतो, अक्षरांचा आकार असतो, वेळ असते. बाबांचा तो आठ वर्षांपूर्वीचा जुना फोन, अक्षरं सगळ्यात मोठी, वेळ सात बारा. गोळी राहून गेल्याचं पान. अशी एकच ओळ होती. मी ती बोटानं धरून वाचली. सात बाराला पान उघडलं. सोळा सेकंदांनी जाहिरातीवर बोट पडलं. परत आले. पुन्हा बोट पडलं, दुसऱ्या जाहिरातीवर. परत आले. तिसऱ्यांदा. परत आले. मग दोन मिनिटं चाळीस सेकंद काहीच हालचाल नाही. म्हणजे तेव्हा ते चष्मा पुसत असतील. किंवा डबी उघडत असतील. किंवा एक गोळी तळहातावर घेऊन दुसरी काढावी की नाही असा विचार करत, मथळा आणि त्याखालची ओळ पुन्हा पुन्हा वाचत असतील, ओठ हलवत, पानं लावणाऱ्या माणसासारखे एकेक अक्षर तपासत. बाबांइतकं नीट वाचणारा माणूस मी पाहिलेला नाही. त्यांनी नीटच वाचलं होतं. आणि त्या ओळीला आमच्या यंत्रानं हिरवा रंग दिला होता. जास्त वेळ थांबलेल्या, जास्त वेळा परतलेल्या, जास्त जाहिराती उघडलेल्या माणसाला हिरवा रंग मिळतो, असा वाचक म्हणजे उत्तम वाचक. त्याच्या वर आणि खाली, त्याच सकाळच्या, आणखी हिरव्या ओळी होत्या. मी चाळीसपर्यंत मोजल्या आणि थांबले. ह्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन बघायला कुणी नव्हतं.

मी उठून डॉक्टरीणबाईकडे गेले. औषधांची पानं ती लिहिते. दवाखाना सोडून इथं आली त्याला सहा वर्षं झाली. एकेका शब्दावर अडून बसणारी बाई. तिचं म्हणणं असं की हात थरथरत असलेल्या माणसाला वाचता आलं पाहिजे, म्हणून वाक्य लहान, आणि सगळ्यात महत्त्वाचं ते सगळ्यात आधी. तिचं सगळ्यात आधीचं वाक्य माझ्या त्या गुडघ्याच्या जाहिरातीखाली गेलं होतं. मी तिला सगळं सांगितलं, फरशीपासून हिरव्या ओळीपर्यंत. तिनं हातातला कप खाली ठेवला. "आता दाब किती आहे?" तिनं पहिल्यांदा विचारलं, आणि काकूंनी फोनवर एकशे दहा सांगितलंय असं मी म्हणाल्यावर सुस्कारा सोडला. मग म्हणाली, "मला काय विचारायला आलीस?"

"शून्य करायचं म्हणते. तुझ्या पानांवर तरी. तू बैठकीत बोलशील का?"

"नाही बोलणार."

"तुझं लिखाण आहे ते. तुला राग येत नाही?"

"राग?" ती माझ्यावर इतकी खवळली की पलीकडच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. "पहिल्या दिवशी तुझ्या टेबलाशी येऊन मी सांगितलं होतं, माझ्या मथळ्याखाली काही घालू नकोस. तू काय म्हणालीस? बघू. तेव्हा तुला राग आला होता? आता तुझा बाप पडला तेव्हा आला. साहेबांनी मला सांगून टाकलंय, सात झाल्या तर हे खातं चालतं, नाहीतर बंद. घरी दोन पोरं आणि अंथरुणाला खिळलेली सासू आहे माझ्या. मला सात चालतील. मला नऊ चालतील. तू तुझं बघ." तिचं खरं होतं. आणि म्हणूनच मला तिचा अजून राग आला. जिन्यात उभी राहून काकूंना फोन केला. काकू म्हणाल्या, एकशे बारा, झोपलेत, झोपेतही काहीतरी पुटपुटतायत.

बैठकीत आठजण होते. साहेब माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान आहेत आणि सतत हसतात. रागावले की जास्त हसतात. काही हवं असलं की मला ताई म्हणतात. "या ताई, तुमचीच वाट बघत होतो," ते म्हणाले. मुलीनं आलेख लावले. चार, सात, थांबण्याचा वेळ, परत येण्याचं प्रमाण, सगळं वर जाणारं. मी मधेच थांबवलं आणि सकाळचं सांगितलं. मला वाटलं होतं माझा आवाज चढेल. चढला नाही, आमच्या खोलीत कुणाचाच चढत नाही, त्या खोलीच्या भिंतींना कापड लावलेलं आहे. सगळ्यांनी अरेरे केलं. कुणीतरी विचारलं, आता बरे आहेत ना? कुणीतरी म्हणालं, माझ्या आजोबांचंही असंच, काहीही दाबतात. साहेबांनी दोन क्षण हसू बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "ताई, तुमच्या भावना मला कळतात. पण हे एक उदाहरण झालं. आपण हजारोंवरून ठरवतो, एकावरून नाही. हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत." मी म्हणाले, "हे हजार असेच आहेत. हे सगळे फरशीवर बसलेले आहेत. आपण त्यांना हिरवा रंग देतोय." मुलगी आलेखाकडे बघायला लागली. तिचा चेहरा लाल झाला होता. बहुतेक तिला माझी लाज वाटत होती. मी म्हणाले, "औषधांच्या पानांवर एकही नको." साहेबांनी टेबलावर बोटं वाजवली, सगळ्यांकडे बघितलं, आणि त्यांना तोडगा सुचला. "असं करू. सगळीकडे सात. पण औषधांच्या पानांवर सहा. तुमच्या बाबांसाठी एक कमी." आणि लोकांना खरंच ते आवडलं. माणुसकीचं वाटलं. एकानं टेबलावर थाप मारली. बाबांसाठी एक कमी. म्हणजे कुठली, मी विचारलं, सातवी का? साहेब म्हणाले, "नाही नाही, सातवी तर सगळ्यात चांगली चालते. तळाची एक काढू. तिथपर्यंत कुणी पोचतच नाही."

मी हो म्हणाले. बैठकीत मी हो म्हणाले, हे लिहून ठेवते, नाहीतर उद्या मी स्वतःलाच सांगेन की मी तिथं उभी राहून खूप काही बोलले. मी मान हलवली, वही मिटली, आणि साहेबांनी खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "संध्याकाळी सहा वाजायच्या आत आकडा टाकून टाका." टेबलाशी येऊन मी ती चौकट उघडली. दोन चौकटी होत्या, एक सगळ्या पानांची, एक औषधांच्या पानांची. पहिलीत मी सात टाकले. ते मी बदलू शकले असते आणि बदललं नाही. नळ गळणाऱ्यांसाठी मी भांडले नाही. दुसऱ्या चौकटीपुढे बसून राहिले. डॉक्टरीणबाई दोन टेबलं पलीकडे पाठ करून लिहीत होती. शून्य टाकला तर तिचं खातं बंद पडेल, तिच्या सासूचं औषध कुठून येईल, हे मला दिसत होतं. सहा टाकले तर उद्या सकाळी सात बाराला कुणीतरी डबी उघडेल, हेही दिसत होतं. दोन्ही एकदम दिसत होतं आणि मला दोघांचाही संताप येत होता, तिचा आणि त्या अनोळखी माणसाचा, की ह्यांनी माझ्याकडे का यावं, मी कोण लागून गेले. मग मी शून्य टाकला. कुठलाही मोठा विचार करून नाही. सात बाराला डबी उघडणारं ते बोट मला थांबवायचं होतं. साहेबांना हे सकाळी नऊच्या अहवालात कळेल. यंत्रानं विचारलं, नक्की? मी हो दाबलं. डॉक्टरीणबाईला न सांगता निघून आले.

घरी पोचले तेव्हा काकू चपला घालत होत्या. "एकशे अठरा," त्या म्हणाल्या. "ठणठणीत आहेत. पण दिवसभर एकच पालुपद, तिला उगाच त्रास दिला." बाबा खुर्चीत बसले होते, अंगावर शाल, केस विंचरलेले. मला बघून उठायला लागले. "उशीर झाला का गं ऑफिसला? बोलले का कुणी? माझंच..."

"बाबा, पुरे," मी ओरडले. इतक्या मोठ्यानं की काकू दारात थबकल्या आणि मग हळूच दार ओढून गेल्या. "तुमचं काही चुकलेलं नाही. ती ओळ जाहिरात होती. गुडघ्याच्या गोळ्यांची. ती तिथं मी बसवली."

"तू म्हणजे तुमच्या ऑफिसनं."

"मी. अक्षरंसुद्धा मी सांगितली, मजकुरासारखीच ठेवा म्हणून."

ते विचार करायला लागले. मला तो चेहरा ठाऊक आहे, ते माझ्यासाठी वाट शोधत होते. "पण तुला कुठं माहीत होतं," ते म्हणाले, "कुणी तसं वाचेल म्हणून. तुझा काय दोष."

"माहीत होतं, बाबा. चुकून बोट पडतं, लोक गोंधळतात, हे सगळं माहीत होतं. म्हणून तर तिथं बसवली. आणि सकाळी तुमच्या हातातून फोन घेतला तेव्हाच मला कळलं होतं काय झालंय ते. तरी मी तुम्हालाच बोलले."

त्यांनी शाल सावरली. मग त्यांनी विचारलं, "आता काढल्यास?" मी म्हणाले, औषधांच्या पानांवरच्या सगळ्या, पण आजच्यापुरत्या, उद्या साहेब परत लावतील आणि मला घरी बसवतील. त्यांनी हात पुढे केला. मी फोन दिला. त्यांनी चष्मा लावला, तेच पान उघडलं, आणि अंगठा हवेत धरून थांबले, काही सरकतंय का ते बघत. काही सरकलं नाही. मग ते वाचायला लागले, ओठ हलवत, एकेक शब्दावर थांबत. डॉक्टरीणबाईचं लिखाण. शेवटपर्यंत वाचलं. पान तिथं संपलं तरी ते आणखी वर सरकवून बघत होते, खाली काही उरलंय का म्हणून.

"एवढंच होतं?" ते म्हणाले.

"एवढंच."

"सहा ओळी आहेत ह्या." त्यांनी बोटानं पुन्हा मोजल्या. "सहा ओळी. आणि ह्या माझ्यापासून लपवून ठेवायला तू सात जाहिराती लावल्यास." त्यांचा आवाज खाली होता, पण तो मला ओळखू येईना. मानेवरची शीर वर आली होती. मी दाब मोजायच्या यंत्राकडे हात नेला तर त्यांनी तो झिडकारला. "हात लावू नकोस मला. मी चौतीस वर्षं पानं लावली. कुणाच्या तोंडचा घास नाही काढला. आणि माझ्या घरात..." वाक्य पुरं झालं नाही. ते उठले, माझा आधार न घेता, भिंतीला धरून खिडकीशी गेले, माझ्याकडे पाठ केली. मग फोनवर एक नंबर लावला. छापखान्यातला त्यांचा जुना जोडीदार, त्याच्याही गोळ्या चालू आहेत.

"मी काय सांगतो ते आत्ता कर," ते मोठ्यानं म्हणाले. "पान पाठवतोय, उघड आणि कागदावर उतरवून घे. आजच. उद्या वाचता येणार नाही... कारण उद्या त्यात पुन्हा घाण घालणार आहेत. मी सकाळी फसलो, दोन गोळ्या घेतल्या, पडायचंच बाकी होतं... नाही, नाही, नीटच वाचलं होतं मी. फसवलं मला... कुणी म्हणजे?" ते वळले आणि सरळ माझ्याकडे बघत बोलले. "माझ्या मुलीनं. हो, तीच. एकुलती एक."

पलीकडून काहीतरी समजुतीचं बोलणं चाललं असावं, कारण ते दोनदा "नाही" म्हणाले, आणि मग जास्तच चिडले. मग दुसरा नंबर लावला आणि पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगितलं, माझ्या नावासकट. मी दारात उभी राहून ऐकत होते. एकदाही त्यांना थांबवलं नाही.